काचेची मुलं : जपानी आयडॉल गटांची जुनी गाणी आज कशी ऐकायची?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय वरवर पाहता हलकाफुलका आहे. जपानमधल्या मुलांच्या आयडॉल गटांची गाजलेली गाणी, म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या जपानी माणसाच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांत घरोघरी वाजलेली गाणी. कराओकेच्या खोलीत त्यांतलं एखादं सुरू झालं की सगळे एकदम 'नात्सुकाशी!' म्हणतात आणि माइक हातोहात फिरतो. एवढंच असतं तर आम्ही तुम्हाला चार गाणी ऐकवून मोकळे झालो असतो. पण 2023 साली जपानमध्ये जे उघडपणे मान्य झालं, त्यानंतर ही गाणी पूर्वीसारखी ऐकता येत नाहीत. आणि ती टाकूनही देता येत नाहीत, असं आमचं म्हणणं आहे. का, ते सांगायचा आज प्रयत्न करतो.

आधी शब्दांची सोय लावून घेऊ. 'आयडॉल' म्हणजे जपानीत मूर्ती नव्हे. तरुण, गाणारा, नाचणारा, टीव्हीवर विनोद करणारा, मालिकेत काम करणारा आणि चाहत्यांच्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा होणारा कलाकार म्हणजे आयडॉल. त्याला घडवते ती 'जिमुशो', म्हणजे त्याचं सगळं काम सांभाळणारी कंपनी. मुलांच्या गटांच्या बाबतीत जवळजवळ साठ वर्षं एकाच जिमुशोचा दबदबा होता. 1962 साली सुरू झालेली 'जॉनी अँड असोसिएट्स', बोलीभाषेत 'जॉनीज'. संस्थापक जॉनी कितागावा. जन्म 1931, लॉस एंजेलिस. मृत्यू जुलै 2019, टोकियो. आज आम्ही ज्या गाण्यांबद्दल बोलणार आहोत ती सगळी या एकाच घरातली.

आता तो 'नात्सुकाशी' शब्द. त्याचं भाषांतर आपण 'जुन्या आठवणी जागवणारं' असं करतो, आणि ते चुकीचं नाही. पण शब्दाच्या मुळाशी 'नात्सुकु' हे क्रियापद आहे. मांजराचं पिल्लू हळूहळू पायाशी घुटमळायला लागतं, परकं मूल मांडीवर येऊन बसायला लागतं, त्याला म्हणतात नात्सुकु. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे : लळा. लळा लागणं. म्हणजे नात्सुकाशी हा मुळात काळाचा शब्द नाही, जवळिकीचा आहे. गाणं जुनं झालं म्हणून ते नात्सुकाशी होत नाही. त्याचा लळा लागलेला असतो आणि मध्ये अंतर पडलेलं असतं, म्हणून होतं. हा लळा शब्द तुम्ही जवळ ठेवा. आज तो आपल्याला परत परत लागणार आहे, कारण या सगळ्या व्यवसायाचं भांडवलच तो आहे.

आपल्या आवाजात गाणारी मुलं

इतिहास आम्ही भरभर सांगतो. कंपनीचा पहिला गट चार मुलांचा, नाव 'जॉनीज'च. त्यानंतर 1968 साली 'फोर लीव्ह्ज', मग 1980च्या सुमारास ताहारा तोशिहिको, कोंदो मासाहिको आणि नोमुरा योशिओ हे त्रिकूट. 1985 साली 'शोनेनताई', म्हणजे 'मुलांची पलटण'. त्यांचं पहिलंच गाणं, 'कामेन बुतोकाई', अर्थ 'मुखवट्यांचा नाच'. चाल त्सुत्सुमी क्योहेई यांची. मग 1987 साली 'हिकारु गेन्जी', 1991 साली 'स्मॅप', 1997 साली 'किंकी किड्स', 1999 साली 'अराशी'. नावांची ही यादी पाठ करायची गरज नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्या.

पहिली गोष्ट आवाजाची. आपल्याकडच्या सिनेसंगीतावर वाढलेल्या कानाला ही गाणी पहिल्यांदा कच्ची वाटतात. आपल्याकडे पडद्यावरच्या देखण्या नटाला एखाद्या मुरलेल्या गायकाचा आवाज उसना मिळतो. तिथे तसं नाही. देखणा मुलगा आपल्याच आवाजात गातो, तो आवाज जसा असेल तसा. स्मॅपचे नाकाई मासाहिरो यांचं बेसूर गाणं हा तर वर्षानुवर्षं त्यांचा स्वतःचाच विनोदाचा विषय होता. त्यामुळे या गाण्यांची रचना बघा. सुरांच्या थरांवर थर चढवलेली हार्मनी फारशी नाही. एकेक ओळ एकेका मुलाला वाटून दिलेली असते, आणि धृपद आलं की सगळे एका सुरात. शाळेच्या प्रार्थनेसारखं. त्या एका सुरात सहावा-सातवा आवाज सहज मिसळतो. तो आवाज ऐकणाऱ्याचा. समीक्षक याला पुष्कळदा उणीव म्हणत आले. आम्हाला तो दरवाजा वाटतो. या गाण्यांचा लळा लागतो तो या दरवाजातून आत जाऊन.

दुसरी गोष्ट वयाची. मोठ्या गटांच्या मागे नाचणारी अकरा-बारा वर्षांची शिकाऊ मुलं असत, त्यांना 'ज्युनिअर' म्हणत. चाहते त्यांना तेव्हापासून हेरून ठेवत. स्मॅप हा गट हिकारु गेन्जींच्या मागे नाचणाऱ्या मुलांतूनच 1988 साली बांधला गेला. म्हणजे चाहता फक्त गाणं ऐकत नाही, एका मुलाचं मोठं होणं बघतो. मूल मोठं होणारच. म्हणून प्रत्येक गाण्यात 'हे आता सरणार आहे' अशी हुरहूर पहिल्या दिवसापासून भरलेली असते. जुनं होण्याआधीच ते नात्सुकाशी असतं.

1988 : मोठ्यांना न दिसणारी जागा

आता एकेका गाण्यापाशी थांबू. पहिलं, हिकारु गेन्जी या गटाचं 'पॅराडाइस गिंगा'. गिंगा म्हणजे आकाशगंगा. मार्च 1988. शब्द आणि चाल दोन्ही आस्का यांची, म्हणजे 'चागे अँड आस्का' या जोडीतले आस्का. गटाचं नाव कुठून आलं ते तुम्ही ओळखलंच असेल. मुरासाकी शिकिबुच्या अकराव्या शतकातल्या 'गेन्जी मोनोगातारी'चा नायक, तेजस्वी राजपुत्र हिकारु गेन्जी. सात मुलं, मोठ्या दोघांची जोडी 'हिकारु', लहान पाच जणांचा चमू 'गेन्जी', आणि सगळ्यांच्या पायांत चाकांचे स्केट्स. त्या वर्षी जपानमध्ये सर्वाधिक खपलेल्या सिंगल रेकॉर्डांच्या ओरिकॉनच्या वार्षिक यादीत पहिल्या तिन्ही जागा या एकाच गटाच्या होत्या. जपान रेकॉर्ड ॲवॉर्डही 'पॅराडाइस गिंगा'लाच मिळालं.

गाणं ऐकलंत तर काय जाणवतं? वेग. स्केट्सवरचा मुलगा थांबू शकत नाही, त्याला सतत वळत राहावं लागतं, आणि चालही तशीच आहे. कडवं थोडं दबकत येतं आणि धृपद एकदम उघडतं, जणू उतारावर पाय सोडून दिले. शब्दांत एका स्वप्नभूमीची हाक आहे, आणि ती जागा अशी की मोठ्या माणसांना ती दिसतच नाही. पीटर पॅनच्या गोष्टीशी याचं नातं उघड आहे. 1988च्या जपानमध्ये शेअरबाजार आणि जमिनीचे भाव आभाळाला भिडले होते, पैसा खेळत होता. त्या वातावरणात हे गाणं म्हणजे सुखाचा कळस. आज पन्नाशीला आलेल्या बाईला ते ऐकून डोळ्यांत पाणी येतं, ते खोटं नाही.

आता त्याच वर्षातली दुसरी गोष्ट. फोर लीव्ह्ज या जुन्या गटातले किता कोजी यांनी 1988च्या अखेरीस एक पुस्तक काढलं. त्याचं नाव 'हिकारु गेन्जी ए', म्हणजे 'हिकारु गेन्जीला'. पुस्तकाचं शीर्षकच त्या सात मुलांना उद्देशून. जॉनी कितागावा आपल्या हाताखालच्या मुलांवर लैंगिक अत्याचार करतात, हे त्यात स्वतःच्या अनुभवानिशी लिहिलेलं होतं. पुस्तक दुकानांत होतं, लोकांनी ते वाचलं. आणि ते 'गॉसिप'च्या फडताळात गेलं.

मोठ्यांना न दिसणाऱ्या जागेचं गाणं देशभर वाजत होतं, आणि त्याच देशात मोठ्यांना न दिसणाऱ्या दुसऱ्या एका जागेबद्दल कुणीतरी ओरडून सांगत होतं. हा योगायोग आहे. गीतकाराच्या मनात असलं काही असण्याचा प्रश्नच नाही. पण आज 'पॅराडाइस गिंगा' ऐकताना आम्हाला त्या शब्दांवर थबकायला होतं. मोठ्यांना ते दिसत नव्हतं, की मोठ्यांनी बघायचं नाही असं ठरवलं होतं?

1997 : आधीच फुटलेली काच

दुसरं गाणं किंकी किड्सचं 'गारासु नो शोनेन', म्हणजे 'काचेचा मुलगा'. 21 जुलै 1997, गटाची पहिलीच सिंगल. काच ही प्रतिमा या घरात नवी नव्हती. दहा वर्षांपूर्वी हिकारु गेन्जींचं 'गारासु नो जुदाई' येऊन गेलं होतं, 'काचेचं किशोरवय'. पण 1997चं गाणं जास्त खोल जातं.

कोणी केलं ते बघा. शब्द मात्सुमोतो ताकाशी, चाल यामाशिता तात्सुरो. मात्सुमोतो पूर्वी 'हॅप्पी एंड' या गाजलेल्या बँडचे ड्रमर, पुढे जपानचे अग्रगण्य गीतकार. यामाशितांना सिटी पॉप ऐकणारी आपल्याकडची तरुण मंडळीही ओळखतात. याच दोघांनी पंधरा वर्षांपूर्वी, 1982 साली, त्याच कंपनीतल्या कोंदो मासाहिकोसाठी 'हायटीन बूगी' हे गाणं केलं होतं. 1982 साली पंधरा वर्षांची असलेली मुलगी 1997 साली तिशीत होती. तिच्या कानावर तीच जोडी परत आली. आणि आली ती कशी? आजूबाजूला नाचरं, चकचकीत डान्स संगीत जोरात असताना हे गाणं मायनर स्केलमध्ये, 'कायोक्योकु' म्हणतात त्या जुन्या जपानी सुगम वळणाचं. नव्या गटाचं पहिलं गाणं मुद्दाम जुन्या कापडाचं शिवलं होतं. दहा लाखांहून जास्त खप झाला.

शब्दांत काय आहे? मुलगी दुसऱ्याची झाली आहे. तिच्या बोटात अंगठी आहे, ती बसच्या खिडकीत आहे आणि मुलगा पाठ फिरवतो. धृपदात बालपण येतं ते तुकड्यांच्या रूपात. काच फुटून गेलेली आहे आणि तिचे तुकडे छातीत रुततात. गाणाऱ्या दोघांची, दोमोतो कोइची आणि दोमोतो त्सुयोशी यांची, वयं तेव्हा अठरा होती. आडनाव एक असलं तरी ते नातलग नाहीत. मात्सुमोतो अठ्ठेचाळीस वर्षांचे, यामाशिता चव्वेचाळीस. म्हणजे पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांनी अठरा वर्षांच्या मुलांच्या तोंडी 'माझं बालपण फुटून गेलं' असं गाणं घातलं, आणि ते इतकं सुंदर जमलं की आजही ऐकताना काळीज हलतं.

आम्ही कारागिरीबद्दल तक्रार करत नाही. कारागिरी अव्वल आहे. पण ही नजर कोणाची आहे, ते बघा. मुलाला आपण काचेचे आहोत असं कधी वाटत नाही. उलट त्याला वाटतं, आपल्याला काही होणार नाही. काच दिसते ती बाहेरून बघणाऱ्या मोठ्या माणसाला. पोरवय सुंदर, कारण ते टिकणार नाही, हे मोठ्याचं दुःख आहे, आणि ते मुलाकडून गाऊन घेतलेलं आहे. या गाण्यांतली आठवण नंतर साठत गेलेली नाही. ती मोठ्यांनी आधी तयार केली आणि मुलांच्या आवाजात भरली. इथे लळा दोन्ही बाजूंनी वाहतो, पण त्याची किल्ली मात्र एकाच बाजूच्या हातात असते.

1998 आणि 2003 : स्वतःला विचारलेला प्रश्न

म्हणूनच तिसरं गाणं आम्हाला वेगळं वाटतं. स्मॅपचं 'योझोरा नो मुकोउ', 'रात्रीच्या आभाळापलीकडे'. जानेवारी 1998. शब्द सुगा शिकाओ यांचे, जे तेव्हा जेमतेम वर्षभरापूर्वी गायक म्हणून पुढे आले होते. चाल कावामुरा युका यांची. पार्श्वभूमी आठवा. नोव्हेंबर 1997मध्ये यामाइची सिक्युरिटीज ही बलाढ्य दलाली कंपनी आणि होक्काइदो ताकुशोकु बँक, दोन्ही एकाच महिन्यात कोसळल्या होत्या. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्यांना नोकऱ्या नव्हत्या. त्या पिढीला जपानमध्ये 'नोकरीच्या हिमयुगातली पिढी' म्हणतात.

या गाण्यात उड्या नाहीत, स्केट्स नाहीत, काचेचा खळ्ळकन आवाज नाही. बोलल्यासारखी चाल, मधल्या पट्टीतले आवाज, थोडे दमलेले. रात्री एखादा मुलगा मागे वळून बघतो आणि स्वतःला विचारतो, तेव्हा जे पुढे दिसत होतं, तिथे आपण पोचलो का? उत्तर गाणं देत नाही. गाणारे विशी-पंचविशीतले. त्यांच्या अर्धवट आवाजांनाच इथे किंमत आली आहे. तयारीचा गायक हा प्रश्न इतक्या सुरेलपणे विचारील की त्यातच उत्तर मिळून जाईल. हे पाच जण विचारतात तेव्हा तो खरंच अडलेला प्रश्न वाटतो. इथे पहिल्यांदा मुलगा मोठ्याच्या नजरेतून नाही, स्वतःच्या डोळ्यांनी मागे बघतो. आमच्या मते या सबंध परंपरेतलं हे सर्वांत प्रौढ गाणं.

त्यानंतर एकट्या कंपनीचं नव्हे, तर साऱ्या जपानचं होऊन बसलेलं गाणं आलं : 'सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना', 'जगात एकच असं फूल'. शब्द-चाल माकिहारा नोरियुकी. आधी 2002च्या अल्बममध्ये, मग मार्च 2003मध्ये सिंगल म्हणून. फुलांच्या दुकानात मांडलेली फुलं एकमेकांशी भांडत नाहीत, मग माणसंच का स्पर्धा करतात, पहिलं यायची गरज नाही, तू एकमेव आहेस तेवढं पुरे, असा त्याचा आशय. त्याच महिन्यात इराकवर हल्ला सुरू झाला आणि लोकांनी ते शांततेचं गाणं म्हणूनही डोक्यावर घेतलं. शाळाशाळांतून मुलं ते गाऊ लागली. वर्षअखेरीला एनएचकेच्या 'कोहाकु' या कार्यक्रमात, जो 31 डिसेंबरच्या रात्री सगळं कुटुंब एकत्र बसून बघतं, त्यात शेवटचं मानाचं गाणं हेच होतं.

हे झालं 2003 सालचं गाणं. आता त्या वर्षाची दुसरी नोंद. ऑक्टोबर 1999पासून 'शुकान बुन्शुन' या साप्ताहिकाने कितागावा यांच्या अत्याचारांवर लेखमाला चालवली होती. बरोबर त्याच सुमारास, नोव्हेंबर 1999मध्ये, अराशी या नव्या गटाचं पहिलं गाणं व्हॉलीबॉलच्या विश्वचषकासोबत देशभर दुमदुमत होतं. कंपनीने साप्ताहिकावर बदनामीचा दावा लावला. जुलै 2003मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की लेखांतला लैंगिक छळाचा मुख्य भाग खरा आहे. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. देशाच्या न्यायालयाने सांगितलं. आणि टीव्ही काय करत होता? फुलांचं गाणं लावत होता.

आम्ही मुद्दाम या तारखा शेजारी शेजारी ठेवतो आहोत. 1988, 1999, 2003. ज्या ज्या वर्षाची आठवण गोड आहे, त्या त्या वर्षाच्या पाठीला पाठ लावून दुसरी तारीख उभी आहे. माहिती कधीच गुप्त नव्हती. पुस्तक छापलेलं होतं, साप्ताहिक विकत मिळत होतं, निकाल जाहीर होता. कमी होतं ते त्याकडे बघण्याचं धाडस.

लळ्याची किंमत

मग हे इतकी वर्षं चाललं कसं? एक कारण सरळ व्यापाराचं. या कंपनीची मुलं हवी असतील तर वाहिनीने तिच्याशी वाकडं घेऊन चालत नसे. 2019 साली जपानच्या निष्पक्ष व्यापार आयोगाने कंपनीला समज दिली, ती स्मॅपमधून बाहेर पडलेल्या तिघांना टीव्हीवर घेऊ नये म्हणून वाहिन्यांवर दबाव आणल्याच्या संशयावरून. त्याआधी 18 जानेवारी 2016 रोजी स्मॅपचे पाच जण काळ्या सुटांत, आपल्याच कार्यक्रमात, थेट प्रक्षेपणात ओळीने उभे राहिले आणि त्यांनी देशाची माफी मागितली. गुन्हा काय, तर गट फुटणार असल्याच्या बातम्या. 'तू एकमेव आहेस' असं तेरा वर्षं गाणारी माणसं, एकसारख्या कपड्यांत मान खाली घालून. त्या वर्षाच्या शेवटी गट विसर्जित झाला. चाहत्यांनी निषेध म्हणा, निरोप म्हणा, ती तेरा वर्षं जुनी फुलांची सिंगल परत परत विकत घेऊन तिचा खप तीस लाखांच्या वर नेला. लळ्याची ताकद बघायची असेल तर ती इथे दिसते. लोकांच्या हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी गाणं विकत घेतलं.

दुसरं कारण लळ्यातच आहे, आणि ते आपल्याला जास्त टोचतं. ज्याचा लळा लागला त्याच्याबद्दल वाईट ऐकायला कोणालाच आवडत नाही. 2019च्या सप्टेंबरात टोकियो डोममध्ये कितागावांची निरोपसभा झाली तेव्हा पंतप्रधानांचा शोकसंदेश वाचला गेला. सगळा देश आपापलं बालपण आठवत होता, आणि त्या आठवणींच्या उबेत न्यायालयाचा निकाल कोणाला आठवला नाही.

मार्च 2023मध्ये बीबीसीचा माहितीपट आला. एप्रिलमध्ये कंपनीतले एक माजी शिकाऊ कलाकार ओकामोतो काउआन टोकियोतल्या परदेशी पत्रकारांच्या क्लबात उघडपणे बोलले, आणि मग बांध फुटला. ऑगस्टअखेर बाहेरच्या तज्ज्ञांच्या पथकाचा अहवाल आला. त्यात अनेक दशकं चाललेल्या अत्याचारांची नोंद होती, आणि कारणांमध्ये प्रसारमाध्यमांच्या मौनाचाही स्पष्ट उल्लेख होता. सप्टेंबरमध्ये कंपनीने गुन्हा मान्य केला, पुढच्या महिन्यात तिचं नाव पुसलं गेलं. जुनी कंपनी फक्त भरपाईसाठी उरली आणि पुढे पाचशेहून अधिक जणांना भरपाई दिली गेली. त्या वर्षीच्या कोहाकुत या कंपनीचा एकही गट नव्हता.

त्याच उन्हाळ्यात 'काचेचा मुलगा'चे संगीतकार यामाशिता यांनी रेडिओवरच्या आपल्या कार्यक्रमात या प्रकरणावर भाष्य केलं. असे अत्याचार घडले असतील तर ते समर्थनीय नाहीत, असं ते म्हणाले. पण कितागावांबद्दलची कृतज्ञताही त्यांनी सविस्तर सांगितली, आणि हे ज्यांना मिंधेपणाचं वाटतं त्यांना बहुधा आपल्या संगीताची गरज नाही, अशा अर्थाचं बोलले. त्यावर पुष्कळ वाद झाला. आम्हाला वाटतं, ते शेवटचं म्हणणं समीक्षकाने मान्य करू नये. संगीताची गरज कोणाला आहे, हे संगीतकाराने ठरवायचं नसतं. ज्या मुलावर अत्याचार झाला त्यालाही कदाचित तेच गाणं नात्सुकाशी असेल. त्याचा हक्क आपल्या सगळ्यांच्या आधीचा आहे.

मग ऐकायचं कसं?

इथे लगेच एक ठरलेला वाद निघतो : कलाकृती वेगळी, कलाकार वेगळा. हा वाद या गाण्यांना लागू पडत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. कितागावांनी ना हे शब्द लिहिले, ना चाली बांधल्या, ना ती गायली. त्यांच्या हातात होती निवड. कोणता मुलगा पुढे येणार आणि कोणता मागेच राहणार, हे ते ठरवत. म्हणजे गुन्हेगार गाण्यात कुठे दिसत नाही, आणि ज्यांच्यावर सत्ता चालत होती ती मुलं प्रत्येक ओळीत ऐकू येतात. गाणी फेकून दिली तर गुन्हेगाराचं काही जात नाही. आवाज जातो तो मुलांचा.

काही जण म्हणतील, मग पूर्वीसारखंच ऐकू या, गाणाऱ्यांचा काय दोष? दोष नाहीच. पण पूर्वीसारखं ऐकणं म्हणजे पुन्हा त्या दुसऱ्या तारखेकडे पाठ करणं. आणि आणखी एक सवय सोडायला हवी. गाणं लागलं की 'यातल्या कोणावर काय बेतलं असेल' असा तर्क लढवत बसायचं. ती चौकशी करुणेची वाटते, पण असते चवीची. ज्यांना बोलायचं आहे ते बोलले आहेत. जे बोलले नाहीत, त्यांचं मौन त्यांच्या मालकीचं आहे.

आमची सूचना साधी आहे. ही गाणी ऐकताना त्या एका सुरातल्या धृपदात आवाज वेगळे करून ऐका. पहिल्यांदा जमत नाही, सगळं एकच वाटतं. तिसऱ्या-चौथ्यांदा एक घोगरा आवाज कळतो, एक जरा मागे पडणारा, एक श्वास लवकर घेणारा. गट, पलटण, चमू या नावांखाली ज्यांना एकसारखं उभं केलं होतं, ती एकेक मुलं ऐकू यायला लागतात. आणि गाण्याचं साल आठवलं की त्याच्या शेजारची तारीखही आठवा. 'पॅराडाइस गिंगा' म्हटलं की किता कोजींचं पुस्तक, अराशीचं पहिलं गाणं म्हटलं की ती लेखमाला, फुलांचं गाणं म्हटलं की जुलै 2003चा निकाल. याने गाणं कडू होईल अशी भीती वाटते. आमच्या मते तसं होत नाही. लळा लागलेल्या माणसाबद्दल आपण सगळं जाणून घेतो, त्याचं दुखणंही, आणि तरी तो लळा सुटत नाही. तेवढं या गाण्यांसाठी करायला हरकत नसावी.

आता प्रश्न घेऊ.